फेटलेली लेबलं

चौऱ्याण्णव टक्के.

छे, काहीतरी चुकलं असणार. ताईने प्रोग्राम पुन्हा चालवला.

त्र्याण्णव.

पुन्हा.

थांबा, आधी जेवणाच्या सुट्टीत काय झालं ते सांगायला हवं. ताई म्हणजे प्रयोगशाळेतली सगळ्यांत जुनी पीएचडीवाली. रक्तातल्या हजारो जनुकांचे आकडे बघून गाठ घातक की साधी हे सांगणारा प्रोग्राम तिने बनवला होता, आणि उद्या ती तो परीक्षकांसमोर मांडणार होती. शेजारच्या टेबलावर वकील. हे त्याचं टोपणनाव, हुज्जत घालण्यावरून पडलेलं.

"ताई, पेशंटांची लेबलं पत्त्यांसारखी फेट. घातक गाठ कुणाची, साधी कुणाची, सगळा काला. मग तुझा प्रोग्राम आंधळा व्हायला हवा. नाणं उडवल्यासारखा, निम्मं बरोबर, निम्मं चूक."

"केलंय रे ते. कधीच."

"अगदी पहिल्यापासून? हजारोंतून कामाची जनुकं निवडायच्या आधी?"

"...निवडल्यानंतर. काय फरक पडतो?"

"पडत नसेल तर चालव की! घाबरतेस कशाला?"

म्हणून चालवला. आणि फेटलेल्या, साफ खोट्या लेबलांवरही

चौऱ्याण्णव.

तिने कामाची जनुकं निवडली होती ती सगळेच पेशंट बघून. ज्यांच्यावर प्रोग्रामची परीक्षा घ्यायची, तेसुद्धा. पेपर आधी दाखवायचा आणि मग मार्कांचं कौतुक करायचं. जनुकांच्या एवढ्या ढिगाऱ्यात काही ना काही जुळणारच. कशाशीही.

वकिलाचं हसू विरलं. "ताई, तुझा थिसिस..."

थिसिस? तिला आठवली ती आत्या. आत्याच्या मानेत गाठ होती. डॉक्टर म्हणाले होते, तुकडा काढून तपासू. ताईनेच हौसेने तिच्या रक्ताचे आकडे प्रोग्रामला दिले होते आणि छाती फुगवून सांगितलं होतं, "साधी आहे, आत्या. खुशाल राहा." आत्याने तपासणी रद्द केली. त्यानंतर अख्खा उन्हाळा गेला होता. ताईने आत्याचा नंबर फिरवला.

फोन लागला.

"ठमे! उद्याची तयारी सोडून फोन काय करतेस?"

"आत्या, ती गाठ—"

"आहे की जागच्या जागी. जरा मोठी झालीये. पण तू सांगितलंस ना, मग मी कशाला डोक्याला ताप करून घेऊ?"

"मी चुकले, आत्या."

"म्हणजे? वाईट आहे?"

"माहीत नाही. मला तेव्हाही माहीत नव्हतं."

पलीकडे नळ वाहत होता. तो बंद झाल्याचा आवाज आला.

"अगं, पण मी तर सगळ्यांना सांगत सुटले," आत्या हळूच म्हणाली. "जिना झाडणाऱ्या बाईलासुद्धा. म्हटलं, आमच्या पोरीने बघितलंय."

ताई पर्समध्ये गाडीची किल्ली शोधू लागली.

"ठमे? आहेस ना?"

"आवरून बस. दवाखान्यात न्यायला मी येतेय. आत्ता."

वकील दारात उभा होता. "तुझ्या गाईड मॅडमना काय सांगू?"

"खरं ते सांग," असं काहीतरी ती म्हणाली असावी. तोवर ती अर्धा जिना उतरली होती.