तेलेस्फोरोमामाचा आडोसा

तेलेस्फोरोमामाचा लसूण आडवा झाला. पण हे अजून घडलेलंच नाही असं धरून चालू, कारण सकाळी तो ताठ उभा होता, आणि मामाही.

शेताच्या ईशान्येला मामाच्या आजोबांनी लावलेली झाडांची दाट रांग होती. आमच्या बातान बेटावर अशी रांग नसेल, तर हिवाळ्यातल्या ईशान्येच्या वाऱ्याने पीक शेतात राहत नाही, समुद्रात जातं. मामाचा वर्षभराच्या खाण्याचा आणि पुढच्या बियाण्याचा सगळा लसूण त्या आडोशाला होता.

त्या दिवशी मामाकडे यारू होती, म्हणजे अख्खा गाव तण काढायला आला होता. यारूला मजुरी नसते, जेवण असतं. आणि ताट येईपर्यंत आमच्यात कुणाचे हात थांबत नाहीत. रिकामा बसून जेवणाची वाट पाहील तो फुकट्या.

तण लवकर संपलं. जेवणाचं डुक्कर मात्र शिजेना.

"आता काय करायचं?" रुस्तिकामावशीने विचारलं.

"हात चालू ठेवायचे," म्हणत म्हाताऱ्या प्रिमितिवोआजोबांनी रांगेतली एक फांदी छाटली. मग दुसरी. मग सगळ्यांनीच कोयते उचलले.

मामा पातेलं घेऊन आला, तर शेतातून थेट समुद्र दिसत होता. तो तिथून कधीच दिसत नसे.

"माझी झाडं?"

"बुंध्यापर्यंत साफ केली," आजोबा अभिमानाने म्हणाले. "उशीर किती रे! अजून थांबलो असतो तर तुझं घर उतरवायला घेणार होतो."

मामाने आ वासला. वाऱ्याने त्यात माती भरली तरी मिटेना. लसणाच्या पाती जमिनीकडे झुकायला लागल्या.

"अरे, बघताय काय मेल्यांनो? उभे राहा!" मावशी ओरडली.

गाव खांद्याला खांदा लावून बुंध्यांच्या जागी उभा राहिला. नगराध्यक्षही रांगेत. बायकांच्या डोक्यावर पानांची इरली होती, त्यामुळे आम्ही झाडांपेक्षा दाट झालो. पाती सावरल्या. मामाच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात कुणीतरी पातेल्यावरचं झाकण काढलं.

"उभ्याने जेवायला आपण काय घोडे आहोत?" म्हणत आजोबा बसले. आजोबा बसले की गाव बसतो.

लसूण झोपला. काही वाऱ्याने उपटून आमच्या ताटांत टाकला.

"बरं झालं," मावशी म्हणाली, "रश्श्याला कमीच होता."

मामा डोळे फाडून उघड्या शेताकडे बघत राहिला. मग हाड चोखणाऱ्या नगराध्यक्षांसमोर जाऊन ताठ उभा राहिला.

"माननीय महोदय, सदर झाडे पूर्ववत वाढेपर्यंत ईशान्येच्या वाऱ्याची अन्य बेटावर तात्पुरती बदली करण्यात यावी, ही नम्र विनंती."