पाळण्याला लाल चिठ्ठी

पूर्णा गावातल्या गोदामात कोंडूने वीस वर्षं माल उतरवला, पण आपलं खरं चीज झालं ते कोरोनाच्या वर्षी, असं निदान त्याचं स्वतःचं मत होतं. गोदामाचा नियम साधा. आत आलेल्या मालाला लाल चिठ्ठी बांधायची आणि तपासून झाला की हिरवी. लाल असेपर्यंत हात लावायचा नाही, मग खुद्द शेठ का येईना. कोंडूने हा नियम घरी आणला आणि घरच्यांना पळता भुई थोडी झाली.

टीव्हीवर त्याने ऐकलं होतं की विषाणू पुठ्ठ्यावर एक दिवस टिकतो, प्लास्टिक आणि स्टीलवर तीन दिवस. झालं! पडवीत बटाटे लाल, तेलाची पिशवी लाल, बायको कौसल्याची नवी चप्पलसुद्धा लाल. नात झाली म्हणून जावयाने डबाभर पेढे पाठवले, त्यांनाही तीन दिवस कोपऱ्यात बसवलं. हिरवी चिठ्ठी मिळाली तेव्हा पेढ्यांवर हिरवी बुरशीही आली होती.

एवढं सगळं कोंडू करत होता ते त्या नातीसाठीच. लेक रंजिता बाळंतपणाला माहेरी आली होती. पोर आज बारा दिवसांची झाली, पण कोंडूने तिला एकदाही मांडीवर घेतलं नव्हतं. रोज शेकडो खोकी आपल्या हातांखालून जातात, तेच हात तिला कसे लावायचे? तो दारातूनच तिला बघायचा. जीव नुसता तुटायचा त्याचा.

बारशाच्या सकाळी टेम्पोतून पाळणा आला. कोंडू चिठ्ठी घेऊन धावला आणि मध्येच थबकला. दांडे लाकडाचे, कड्या स्टीलच्या, चाकं प्लास्टिकची, झोळी कापडाची! त्याने बोटांवर दिवस मोजले, पुन्हा मोजले आणि लाल चिठ्ठी बांधून टाकली.

"शनवारी सुटल," तो म्हणाला.

"आन् पोरीला काय शनवारपरत बिननावाची ठेवता?" कौसल्या कडाडली.

पडवीत बाया जमलेल्या, त्यांचा एकच गलका उठला. कोणी कोंडूच्या बाजूने, कोणी पाळण्याच्या. सगळ्यांच्या वरताण आवाज काढून कोंडू प्रत्येकीच्या तोंडापाशी जाऊन लाकूड आणि प्लास्टिक समजावत होता. तेवढ्यात गावची आशा सेविका ललिता बाळाला बघायला आली. चिठ्ठ्यांची ती जत्रा बघून ती उंबऱ्यातच हसत बसली.

"कोंडूकाका, तुमचा मास्क कुठं हाय?"

मास्क हनुवटीवर होता. त्याशिवाय आवाज पोचत नव्हता ना!

"अवं, ते आकडं प्रयोगशाळेतलं," ललिता म्हणाली. "खोक्यावरून लागायचा धोका लय कमी. ह्यो येतो माणसाच्या श्वासातून. तुमी पाळणा बांधून ठेवलात आन् तोंड मोकळं सोडलंत!"

बाया खो खो हसल्या. कोंडू मात्र मटकन खाली बसला.

"म्हंजी बारा दिस... मी उगाच लांब ऱ्हायलो?" त्याने विचारलं. कौसल्याचं हसू तिथेच थांबलं.

"ताप, खोकला हाय काय?" ललिताने विचारलं.

"न्हाय."

"मंग हात धुवा, मास्क नाकावर घ्या आन् अंगणात मोकळ्या हवेत बसा. बाकीच्यांनी लांब लांब बसा गं!"

कोंडूने कोपरापर्यंत हात धुतले. मग पुन्हा धुतले. तिसऱ्यांदा साबण उचलला तेव्हा कौसल्याने तो हातातून हिसकावून घेतला आणि त्याच्या खिशातली एक हिरवी चिठ्ठी काढून त्याच्याच सदऱ्याच्या गुंडीला बांधली. अंगणात टाळ्या पडल्या.

रंजिताने पोर त्याच्या मांडीवर ठेवली. केवढीशी ती, आणि कोंडूने पोती उचलणारे ते हात तिच्याभोवती ओंजळीसारखे धरले. मास्कच्या वर डोळे भरून आले. तो काही बोलणार, तोच मांडी ऊन ऊन झाली आणि धोतर पार भिजलं.

"अगं बाई! बाबा, द्या तिला," रंजिता धावली. "जा, साबणानं धुवून या."

"कोणी हात लावू नका," कोंडू म्हणाला आणि पोरीला आणखी जवळ घेतलं. "ऱ्हाऊ दे. ह्ये माझ्या धोतरावर दिसभर टिकलं पायजे."