वशिंडावरून हलकं

"ऊठ तिथून! कुणाच्या तरी आईच्या पोटावर बसलीयस!"

हा आवाज माझ्या बाबांचा. मी सात वर्षांची होते. पुठ्ठ्याचा तुकडा बुडाखाली धरून एका गवताळ उंचवट्यावरून घसरत होते आणि खालच्या मिरचीच्या वावरातून ते ओरडले. पुठ्ठा तिथेच टाकून मी पळत सुटले. बाबांना जाऊन वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तो आवाज मला अधूनमधून ऐकू यायचा, आणि जेव्हा यायला हवा होता तेव्हाच नेमका आला नाही.

छुंगजूच्या बाजारात माझं किमचीचं, म्हणजे आंबवलेल्या तिखट भाज्यांचं, दुकान आहे. मुळ्याची किमची माझ्याकडचीच घ्यावी, असं लोक म्हणतात. एकोणपन्नासाव्या वर्षी असं झालं, की मुळे चिरणारे दोन हात तेवढे जिवंत आणि बाकीचं अंग गंजलेलं. समोर केस कापायचं दुकान चालवणारी बाई दर मंगळवारी चिखलाने माखून आणि लाल गालांनी परत यायची. एका मंगळवारी मलाही ने म्हणून मी तिच्या मागे लागले.

मंगळवारी बाजार बंद, म्हणून डोंगरउतारावर सायकली हाकणारा आमचा क्लब मंगळवारचा. आत शिरताना टोपणनाव घ्यायचं आणि पुढे तेवढंच चालतं. खरं नाव काय, गाव कुठलं, कुणी विचारत नाही. विचारणं बरं दिसत नाही. केसवाली बाई तिथे वाघीणताई होती. मी मुळाताई झाले. सगळ्यांच्या मागून येणारे, एकाहत्तर वर्षांचे, ते कासवकाका. शेवटचा गडी सुखरूप उतरल्याशिवाय आपण उतरायचं नाही, हे काम त्यांनी स्वतःहून मागून घेतलं होतं म्हणे.

पहिल्या दिवशी मी तीनदा पडले.

"ब्रेक म्हणजे काय मुळा आहे का, मुठीत धरून पिळतेयस?" वाघीणताई वरून ओरडली. "एक बोट! एकच!"

"चाकाकडे बघू नका, मुळाताई," मागून काका म्हणाले. "जिथे जायचंय तिथे बघा. अंग आपोआप जातं."

उताराच्या मध्यावर दोन पाइनच्या झाडांखाली एक उंचवटा होता. जेमतेम गुडघ्याएवढा, दोन माणसं आडवी मावतील इतका रुंद, चाकांनी घासून गुळगुळीत झालेला. क्लबात त्याला वशिंड म्हणायचे. प्रत्येक नवख्याची पहिली उडी तिथेच. मला ती ऑक्टोबरात जमली. दोन्ही चाकं जमिनीवरून सुटली आणि श्वासभर मी कुणाची बायको नव्हते, कुणाची आई नव्हते, मुळेवाली तर नव्हतेच. वाघीणताईने नेमका तेव्हा फोटो काढला. तो माझ्या फोनच्या पडद्यावर लावला होता आणि किमची बांधून देता देता मी तो गिऱ्हाइकांना दाखवायचे.

ती उडी शिकवली काकांनी. "वर पोचलात की हलक्या व्हा. टायर टेकला न टेकला असा. हलक्या, मुळाताई, अजून हलक्या." स्वतः मात्र ते तिथे कायम उतरायचे. गुडघा दुखतो म्हणायचे, सायकल हातात धरून बाजूबाजूने जायचे आणि आम्ही पुढे गेल्यावर पाच-दहा मिनिटं मागे रेंगाळायचे.

"काकांना लघवी बरोबर वशिंडापाशीच लागते," वाघीणताई खाली पोचल्यावर म्हणायची. "आमच्या कुत्र्याचंही एक झाड ठरलेलं आहे."

सगळे हसायचे. काकाही हसायचे.

वणव्याच्या धास्तीने आमचा डोंगर फेब्रुवारीत बंद होतो, तो मेच्या मध्यावर उघडतो. उघडल्यानंतरच्या पहिल्या मंगळवारी आम्ही तिघंच होतो. वाघीणताई पुढे, मग मी, मागे काकांची घंटा. वाटेवर पांढरी रानफुलं सांडली होती. तीन महिन्यांत हात विसरलेत का, एवढीच काळजी मनात होती. वशिंड दिसलं. मी पेडल समांतर केले, कंबर मागे नेली.

आणि वाघीणताईने करकचून ब्रेक मारला. मी तिच्या चाकावर आदळता आदळता वाचले.

"काय झालं?"

तिने नुसतं बोट केलं.

वशिंडाच्या मधोमध लोखंडी खुंटी ठोकली होती आणि खुंटीवर पांढरी पाटी होती. मी वाचली. मग पुन्हा वाचली, कारण अक्षरं डोळ्यांत शिरत होती, पण डोक्यात पोचत नव्हती.

"कबर क्रमांक १७. वनरस्त्याच्या कामासाठी हटवणे आवश्यक. नातेवाईक असल्यास खालील क्रमांकावर कळवावे. मुदतीत न कळवल्यास कबर बेवारस समजून उकरण्यात येईल व अस्थींचे दहन करण्यात येईल."

मुदत होती त्याच शुक्रवारची.

माझ्या हातातून सायकल सुटली. तिचं एक हँडल वशिंडावर जाऊन पडलं आणि ते उचलण्यासाठी मी वाकले, तर बोटं मातीला लागण्याआधीच आखडली. त्या मातीला कसं शिवायचं? ऑक्टोबरपासून किती मंगळवार, दर मंगळवारी किती फेऱ्या? मन आपोआप मोजायला लागलं आणि मी त्याला थांबवू शकले नाही. वर चाकं गेली होती. वर मी किंचाळून हसले होते. आणि तेव्हा, बेचाळीस वर्षांनी, मिरचीच्या वावरातून आवाज आला. कुणाच्या तरी आईच्या पोटावर.

खिशात फोन होता. त्यात मी हवेत होते, तोंड उघडं, पाय रोवलेले, आणि खाली ती. फोन बंद करायला मला तीनदा बटण दाबावं लागलं.

"पंधरा वर्षं," वाघीणताई म्हणाली आणि हसली, पण ते हसू भीतीचं होतं. "पंधरा वर्षं, मुळे! मी इथे बसून उकडलेली अंडी सोललीत गं. टरफलं तिथेच टाकलीत."

"कळलं कसं नाही आपल्याला?"

"थडगं म्हटलं की गोल गवताळ उंचवटा आणि पुढे दगड. इथे दगड नाही, गवत नाही, काही नाही. कसं कळणार? कुणी फिरकलंच नाही तर माती बसते खाली." तिने हेल्मेट काढलं, पुन्हा घातलं. "हे बघ. वाकून माफी मागायची आणि आजपासून वाट चार हात वरून न्यायची. शुक्रवारी ते घेऊन जातील. संपलं."

मागून घंटा वाजली. काका आले, नेहमीसारखे वशिंडाच्या दहा पावलं आधी उतरले. पाटी दिसली तसे थांबले. चष्मा काढून जर्सीला पुसला, पुन्हा लावला. वाचताना त्यांचे ओठ हलत होते. तारखेपाशी ते बराच वेळ थांबले.

"काका, थडगं निघालं हो," वाघीणताई म्हणाली. "आपण सगळे... देवा. कुणाचं असेल?"

त्यांचे डोळे पाटीवरच होते.

मला त्यांचं बाजूबाजूने जाणं आठवलं. थंडीत एकदा माझी चेन निसटली होती, ती लावून मी त्यांच्या मागून उतरले, तेव्हा पाइनच्या बुंध्याशी ओल दिसली होती आणि तिला तांदळाच्या दारूचा वास येत होता.

"काका," मी म्हणाले, "तुम्ही इथे नेहमी का उतरायचात?"

"गुडघा."

"चढावर नाही दुखत?"

"मुळे, म्हातार्‍या माणसाला काय छळतेस!" वाघीणताई माझ्यावर खेकसली.

काकांनी सायकल झाडाला टेकवली. हातमोजे काढले. हेल्मेट काढून उलटं जमिनीवर ठेवलं आणि वशिंडासमोर उभे राहिले. मग ते खाली गेले. दोन्ही गुडघे पूर्ण दुमडले, तळवे मातीवर, कपाळ मातीवर. उठले. पुन्हा गेले. गुडघा कुठे अडला नाही, कुठे कचरला नाही. जिवंत माणसाला एकदा वाकतात, मेलेल्याला दोनदा. वाघीणताईचा हात तिच्या तोंडावर गेला आणि तिथेच राहिला.

काकांनी पाठीवरच्या पिशवीतून प्लास्टिकची बाटली काढली, तांदळाची पांढरी दारू मेलेल्यांना वाहतात तशी मातीवर हळूहळू ओतली. मग पाटी बघत बघत फोन लावला. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे फोन नेहमी मोठ्या आवाजावर असतो.

"क्रमांक सतरा," ते म्हणाले. "मेबोंगचा डोंगर."

"मयताचं नाव सांगता येईल का, आजोबा?" तिकडून कोवळा आवाज आला.

"पांग ओक-बुन."

"तिथे तर दगडसुद्धा नाही. तीच कशावरून?"

"डावीकडचा पाइन वाकडा आहे. लहान होता तेव्हा मी त्याच्यावर घोडा घोडा करायचो, त्याने वाकला. चुलत्याने पत्रात लिहिलं होतं, तुझ्या वाकड्या झाडाखाली ठेवलीय. मी तेव्हा सौदीत होतो, रस्त्याच्या कामावर. पत्र आलं तेव्हा चाळीस दिवस होऊन गेले होते."

"पत्र आहे जवळ?"

"आहे."

"मग शुक्रवारी पाचच्या आत घेऊन या. तुमचं नाव, आणि मयताशी नातं?"

काकांनी एक तळवा वशिंडावर ठेवला.

"आजोबा? नातं काय?"

"ताक संग-गू," ते म्हणाले. बारा वर्षं क्लबाच्या मागून आलेल्या माणसाचं नाव मी त्या दिवशी प्रथम ऐकलं. "मुलगा. एकुलता."

फोन बंद झाला. वाघीणताई मटकन खाली बसली, मग आपण कुठे बसलोय हे लक्षात येऊन विंचू चावल्यासारखी उठली आणि दूर जाऊन पानांवर बसली.

"बारा वर्षं," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमण्याचा मागमूस नव्हता. "बारा वर्षं तुम्ही आम्हाला तुमच्या आईवरून उड्या मारायला लावलंत? शिकवलंत? मी ते कुत्र्याचं म्हणाले तेव्हा तुम्ही हसलात, काका!"

"रिटायर झाल्यावर मी हा डोंगर पायी फार शोधला," काका म्हणाले. "रान वाढलेलं, झाड सापडेना. मग तुमच्या क्लबात आलो. पहिल्याच मंगळवारी रांगेत शेवटचा होतो. वाकडा पाइन दिसला आणि माझ्या डोळ्यांदेखत सहा सायकली वरून गेल्या."

"मग ओरडला का नाहीत?"

"पुढच्या मंगळवारी सांगायचं ठरवलं होतं. आलो. तुम्ही सगळे वरून जात होतात, ओरडत होतात, एकमेकांना नावं ठेवत होतात. मी इथे उभा राहून ऐकलं." त्यांनी बाटलीचं झाकण लावलं, पुन्हा काढलं. "तिच्याकडे तीस वर्षांत कुणी आलं नव्हतं. मीही नाही. सांगितलं असतं, तर तुम्ही वाट वळवली असतीत ना?"