पोटावरची तारीख

मित्रांनो, मी एक जुना काजकरी आहे. नाव ऐकून हसू नका. शर्टाचं बटण ज्या फटीतून जातं तिला काज म्हणतात, आणि ती फट कापून तिच्या कडा दोऱ्याने बांधायचं काम मी करायचो. पितळेचं अंग, घड्याळातून काढलेली स्प्रिंग, दाढीच्या वस्तऱ्याचं पातं आणि मोडक्या छत्रीच्या काडीचा दांडा, असा माझा थाट. आता मी काचेच्या पेटीत बसलेलो असतो. पेटीवरच्या पाटीत लिहिलेलं एक अक्षरही खरं नाही. खरं काय ते माझ्या पोटावर होतं, पण ते राहिलं नाही. म्हणून तोंडाने सांगतो.

मला घडवणाऱ्या माणसाला सगळे कानशा म्हणत. लोखंड घासायची कानस त्याच्या हातातून कधी सुटायचीच नाही. जेवतानाही ती मांडीवर असायची. त्याची थोरली बहीण, तिला आपण ताईच म्हणू, घरी बसून दुसऱ्यांच्या शर्टांचं काजबटण करायची. दिवसाला चाळीस काजं, सगळी हातसुईने. तिच्या बोटांची चाळण झाली होती आणि डोळ्यांना सारखं पाणी यायचं. तोंड मात्र ठणठणीत होतं. ते दिवसभर चालायचं.

"ताई, या बोटांनी तू म्हातारपणी भातसुद्धा कालवू शकणार नाहीस," कानशा एकदा म्हणाला.

"मग तू भरव. भाऊ कशाला असतो?" ती म्हणाली.

तेवढ्यावरून मी जन्माला आलो. पहिल्या प्रयत्नात मी दाजींचा, म्हणजे ताईच्या नवऱ्याचा, लग्नातला शर्ट खाल्ला. दुसऱ्या प्रयत्नात त्याच शर्टाची उरलेली बाही खाल्ली. दाजी दोन दिवस मेहुण्याशी बोलले नाहीत. पण अकराव्या की बाराव्या खेपेला ताईने दांडा दाबला, खट्‌ झालं, आणि कापडावर एक सरळ, घट्ट, देखणं काज उमटलं. ताईने त्यात बोट घालून पाहिलं आणि ती रडायलाच लागली. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस. पुढे काय वाढून ठेवलंय ते कुणाला ठाऊक होतं?

त्याच संध्याकाळी कानशाने मला उलटं केलं आणि माझ्या पोटावर छिन्नीने तारीख कोरली. तारखेखाली आपल्या नावाचं पहिलं अक्षर. ही त्याच्या उस्तादाची शिकवण. काम ज्या दिवशी पुरं होईल त्या दिवसाची खूण त्यावर हवीच. "खूण नसलेलं हत्यार म्हणजे बिनबापाचं पोर," तो म्हणायचा. मला ते कोरणं दुखलं नाही. उलट छाती फुगली.

ताईने मला रस्त्याकडच्या खिडकीत मांडलं. मग काय विचारता! येणारा-जाणारा थांबायचा. शिंपी यायचे, शेजारणी यायच्या, आपापले शर्ट घेऊन परके लोक यायचे. ताई प्रत्येकाला दांडा दाबू द्यायची आणि वर सांगायची, "माझ्या भावाच्या डोक्यातून निघालंय हो हे!" शर्टांच्या कारखान्याचा मालकही यायचा. गोड बोलायचा, मला हातात घेऊन फिरवून बघायचा, स्प्रिंग कुठे आहे ते विचारायचा. ताई त्याला पंख्याने वारा घालत सगळं समजावून सांगायची.

एका शिंप्याने कानशाला सांगितलं होतं, "अरे, याचं पेटंट घे. सरकारी कागद कर. नाहीतर कुणीतरी पळवेल." कानशाने हात झटकला. "जाड कापडात अजून दोरा अडकतो. आधी निर्दोष करतो, मग कागद." त्या एका अडकणाऱ्या दोऱ्यापायी त्याने पाच वर्षं घालवली. मग अर्ज केला, कागद मिळाला, शिक्का उठला. ताई हात धुतल्याशिवाय त्या कागदाला बोट लावायची नाही.

आणि सहा महिन्यांत कारखान्यात माझ्यासारखे तीस काजकरी खटखटायला लागले. तीच स्प्रिंग, तेच पातं. छत्रीच्या काडीचा बाकसुद्धा हुबेहूब! कानशाने कोर्टात दावा लावला. दावा जिंकला तर काजकरी त्याचा, हरला तर साऱ्या जगाचा. इतकं साधं होतं ते.

त्याच्या वकिलाने बजावलं होतं, "अर्जाची तारीख आणि कागद पुरे. बाकी काही बोलू नका, काही आणू नका." कानशाला वाटलं, वकील आळशी आहे. आपण पाच वर्षं आधीच यंत्र केलं होतं, हे दाखवलं की मालकाचं तोंड बंद! जितका जुना तितका आपला. त्याच्या कारागिरीच्या जगात हाच न्याय होता. त्याने मला फडक्यात गुंडाळलं आणि कोर्टात नेलं.

समोरच्या वकिलाने मला हातात घेतलं. मला आठवतंय, त्याचे हात मऊ होते.

"हा तुम्हीच केलात?"

"मीच! पोटावर बघा ना. तारीख आहे."

"अरे वा. अर्जाच्या पाच वर्षं आधीची. आणि तेव्हापासून हा कपाटात होता?"

कानशा काही बोलायच्या आत मागच्या बाकावरून ताई उठली. "कपाटात कशाला? खिडकीत होता! रोज! अख्ख्या गावाने दांडा दाबलाय याचा. हवं त्याला विचारा!"

वकील तिच्याकडे वळून हसला. "विचारायची गरज नाही, ताई. फार आभारी आहे."

न्यायाधीशांनी कायदा समजावून सांगितला. अर्जाच्या आधीच जी वस्तू उघड वापरात आहे, ती नवी नाही. जी नवी नाही, तिचं पेटंट नाही. कागद रद्द.

"पण ज्याने केली त्यानेच दाखवली असेल तरी?" कानशाने विचारलं.

"तरी," न्यायाधीश म्हणाले, आणि पुढचा दावा पुकारला गेला.

कोर्टाच्या पायरीवर कानशा बहिणीला म्हणाला, "तुझ्या तोंडालाच टाके घालायला हवे होते." सगळ्यांसमोर म्हणाला. मित्रांनो, तारीख माझ्या पोटावर होती, तिच्या तोंडात नव्हती. मला कोर्टात तिने आणलं नव्हतं. पण रागाला नेहमी जवळचंच माणूस सापडतं.

आपल्या घरी येऊन त्याने मला लोखंडी शिकंज्यात आवळलं आणि कानस उचलली. ताई दारात उभी राहून म्हणाली, "अरे, त्या मुक्याचा काय दोष?" त्याने ऐकलं नाही. माझ्या पोटावर तो कानस चालवत राहिला. आधी तारीख गेली. मग अक्षर गेलं. पितळेचा चुरा त्याच्या पायावर पडत होता आणि त्याच्या नाकातून, डोळ्यांतून पाणी गळत होतं. मग त्याने मला भंगाराच्या डब्यात फेकलं. बहिणीच्या घरची पायरी तो पुन्हा चढला नाही.

ताईने मला डब्यातून काढलं. पण आता हातचं काजबटण कोण करून घेणार? कारखान्यातल्या माझ्या तीस भावंडांनी तिचं काम खाल्लं. शेवटी ती त्याच कारखान्यात लागली आणि दिवसभर माझ्याच नकलेचा दांडा दाबू लागली. मी तिच्या पिशवीत असायचो. कानशा कारखान्याच्या भिंतीला टेकून कात्र्यांना धार लावत बसायचा. ती रोज त्याच्या समोरून आत जायची. तो मान वर करायचा नाही.

एके दिवशी तपासणीत मी पिशवीतून निघालो. मालक म्हणाला, "हा तर आपला पहिला नमुना दिसतो. बाईंनी चोरला होता काय?"

ताई म्हणाली, "नाही हो. माझ्या भावाने केलाय हा."

मालकाने मला उलटं केलं, गुळगुळीत पोटावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "कुठे लिहिलंय?"

दुसऱ्या दिवसापासून ताई कामावर आली नाही. तिला काढलं होतं, चोरीच्या संशयावरून. मी मात्र मालकाकडेच राहिलो, कारखान्याच्या दर्शनी दालनात, काचेच्या पेटीत.

आता माझ्यासमोर शाळेच्या सहली येतात. पाटीवर लिहिलंय, 'संस्थापकांनी स्वतःच्या हातांनी घडवलेलं पहिलं यंत्र.' मुलं ते वहीत उतरवून घेतात. शिक्षक म्हणतात, अक्षर नीट काढा.

मित्रांनो, तुमच्या डोक्यातून कधी काही नवं निघालं, तर खिडकीत मांडायच्या आधी त्याचा कागद करा. आणि हरलात, तरी रागाच्या भरात स्वतःचं नाव स्वतः खोडू नका. त्या कामाला जगात माणसांची कमी नाही.

माझी निगा इथे उत्तम राखतात. रोज काच पुसतात, महिन्याला तेल घालतात. फक्त मला उलटं करून कुणी बघत नाही.