पहिली पसंती

मोजणी अधिकाऱ्यांनी टेबलावरचा सगळ्यांत लहान गठ्ठा उचलला. गठ्ठा कसला, एकच मतपत्रिका होती ती.

"मिस्त्री बाद," ते म्हणाले. "यांचं हे मत आता त्यावरच्या दुसऱ्या पसंतीला जाईल."

"चला, स्वतःचं मत तरी पडलं!" मागून कोणीतरी म्हणालं आणि बसडेपोचं अख्खं कॅन्टीन हसलं. मिस्त्रीही हसले.

ते मत त्यांचं नव्हतं. सकाळी कर्मचारी समितीच्या मतदानाच्या वेळी हेडक्लार्क दारातच उभे होते. तेही उमेदवार, आणि मिस्त्रींचा बदलीचा अर्ज त्यांच्याच टेबलावर अडकलेला. मिस्त्रींनी मनाशी हिशेब मांडला: हे तर निवडून येणारच, लागतात त्यापेक्षा जास्त मतं पडली की जादा मतं पुढच्या पसंतीकडे वळतात. तेव्हा पहिली पसंती हेडक्लार्क, दुसरी आपण. उद्या त्यांनी विचारलं तर डोळ्याला डोळा भिडवून सांगता येईल, आणि मत फिरून घरीच येईल.

पण निवडून यायला एकतीस लागत होती आणि हेडक्लार्कांना नेमकी एकतीसच पडली. वळायला काही उरलंच नाही.

अधिकाऱ्यांनी पत्रिका उलटून पालटून पाहिली. मिस्त्रींच्या नावापुढे ठसठशीत एकचा आकडा. बाकी सगळे रकाने कोरे.

"दुसरी पसंतीच दिलेली नाही. हे कोणाकडेच जाणार नाही," म्हणत त्यांनी ती बाजूला ठेवली.

मिस्त्रींचे कान तापले. पाणी प्यायच्या निमित्ताने ते बाहेर आले. त्यांची धाकटी बहीण, कंडक्टर, फेरी संपवून खांद्यावरची पिशवी सावरत येत होती. तिच्याच आग्रहाने ते निवडणुकीला उभे राहिले होते. निकाल तिला फाटकातच कळला होता.

"दादा, एकच? अरे, एक तुझं. मग माझं कुठे गेलं?"

मिस्त्रींनी रुमाल काढून मान पुसली.

"मी बाकी कोणाला नंबरच दिला नाही," ती म्हणाली. " मला दुसरं कोणी नकोच होतं."

"हं."

"म्हणून बाद केलं का रे माझं?"

आत हेडक्लार्कांसाठी टाळ्या वाजल्या. त्या थांबेपर्यंत मिस्त्री रुमालाची घडी घालत राहिले.

"केलं असेल," ते म्हणाले.

तिचा चेहरा उतरला. "माझीच अक्कल! नीट विचारून घ्यायला हवं होतं. रागावू नकोस हं."

"नाही गं."

त्यांनी तिची पिशवी घ्यायला हात पुढे केला. तिने पट्टा आपल्याकडे ओढून धरला.

"राहू दे. आज तुला काय कमी सोसावं लागलंय?"