आडवी पडलेली ब्रिगेड

अमासा थ्रॉलला जनरल व्हायचं नव्हतं. व्हरमाँटमधल्या क्विलबी गावात ओढ्याकाठी त्याची पिठाची गिरणी होती. अमेरिकेत उत्तर-दक्षिण यादवी युद्ध सुरू झालं तेव्हा गावातल्या पोरांनी चर्चसमोर जमून, हात वर करून त्याला आपला कॅप्टन निवडलं. कारण एवढंच, की हा माणूस मापात कधी मारत नाही. पुढे वरचे साहेब एकेक करून मेले, काही आजारी पडून घरी गेले, आणि तीन वर्षांत गिरणीवाल्याच्या खांद्यावर जनरलचा तारा आला. चार पलटणींची ब्रिगेड त्याच्या हाताखाली आली. तरी क्विलबीची पोरं त्याला अमासाकाकाच म्हणत.

त्याचा डावा हात थरथरायचा. पहिल्या लढाईत गावचा शाळामास्तर त्याच्याशी बोलता बोलता तोफेच्या गोळ्याने उडाला, त्या दिवसापासून. अमासा तो हात लगामात गुंडाळून ठेवी. हे ठाऊक होतं फक्त जोथमला. जोथम म्हणजे त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ, ब्रिगेडमधला मेजर.

जूनमध्ये, व्हर्जिनियात, एका संध्याकाळी हुकूम आला: उद्या उजाडताच समोरच्या दक्षिणवाल्यांच्या मोर्च्यांवर चालून जायचं. अमासा आणि जोथम सरपटत झाडीच्या टोकाला गेले. समोर उघडं शेत, मधे जरासा खोलगट भाग, मग चढ. चढावर ओंडक्यांच्या भिंती, आणि भिंतींतून डोकावणारी तोफांची तोंडं.

"दाजी," जोथम कुजबुजला, "यांनी तर किल्लाच बांधलाय."

अमासा तोफांची तोंडं मोजत राहिला.

"बोला की काहीतरी. तुम्ही गप्प बसलात की मला जास्त भीती वाटते."

"चल मागे," अमासा कसाबसा म्हणाला.

छावणीत आचारी किटली घेऊन बसला होता. पोरं एकेक करून यायची, आपलं घड्याळ किटलीत टाकायची आणि घरच्यांचं नाव सांगून जायची. किटली आतून टिकटिकत होती. अमासा तिच्याजवळून घाईघाईने निघाला, तो थेट जनरल रेनशॉच्या तंबूत.

रेनशॉ डिव्हिजनचा प्रमुख, अमासाचा वरिष्ठ. लष्करी शाळेत शिकलेला, पिढीजात फौजी. तो उकडलेली अंडी खात होता.

"साहेब, मी ती जागा बघून आलोय. तिथून एकही माणूस परत यायचा नाही."

"भ्यालात वाटतं, थ्रॉल?"

"हो साहेब. भ्यालोय."

रेनशॉने अंड्यावर मीठ भुरभुरलं. "निदान खरं बोललात. असं करा, तब्येत बरी नाही म्हणा आणि मागे थांबा. तुमची माणसं पुढे न्यायला मी दुसरा कुणीतरी पाठवतो. गिरणीवाल्याकडून याहून जास्त काय मागायचं?"

दुसरा कुणीतरी. ज्याला त्या पोरांची नावंही माहीत नाहीत.

"मीच नेतो," तो म्हणाला.

उजाडलं तेव्हा धुकं होतं. ब्रिगेड झाडीतून बाहेर पडली. त्यांच्या उजव्या हाताला शेजारच्या जिल्ह्याची ब्रिगेड, खांद्याला खांदा लावून. खोलगट भागापर्यंत शांतता होती, आणि ती शांतताच जीव घेणारी होती. मग समोरची सगळी भिंत एकदम पेटली. पहिली रांग वाऱ्याने पीक लोळावं तशी लोळली. अमासाचा घोडा कोसळला. तो मातीतून उठला आणि स्वतःच्याही नकळत ओरडला, "आडवे व्हा! सगळे आडवे! खणा!"

पोरं खोलगट भागात पडली आणि हाताला येईल त्याने माती उकरू लागली. थाळ्यांनी, संगिनींनी, नखांनी.

"आता कधी उठायचं, अमासाकाका?" कुणीतरी रडवेल्या आवाजात विचारलं.

"मी सांगेन तेव्हा. डोकं खाली घाल!"

उजवीकडची ब्रिगेड मात्र थांबली नाही. ती चढ चढत गेली. इकडचं कुणी पुढे येत नाही हे बघताच समोरच्या तोफा तिच्याकडे वळल्या.

"दाजी! त्यांना एका बाजूने कापताहेत! उठायचं का?"

अमासाने चढाकडे पाहिलं. हात थडथड मातीवर आपटत होता, तो त्याने पोटाखाली दाबून धरला. उठलो तर माझी पोरं मरतील. नाही उठलो तर उजवीकडची मरतील. हा हिशोब आपण खरंच केला, की नुसत्या भीतीने जमिनीला चिकटून राहिलो, हे त्याला पुढे कधीच सांगता आलं नाही.

"नाही," शेवटी तो म्हणाला. तोवर उजवीकडे उभं असलेलं कुणी उरलंच नव्हतं.

दिवसभर ते उन्हात तसेच पडून होते. मान वर केली की गोळी यायची. शेतातले जखमी पाणी मागत होते. दुपारनंतर ते आवाज कमी होत गेले, आणि अमासाला त्या मागण्यापेक्षा त्या थांबण्याची जास्त भीती वाटली. अंधार पडल्यावर ब्रिगेड सरपटत मागे आली. क्विलबीची बहुतेक पोरं आपली घड्याळं परत न्यायला किटलीपाशी जमली.

रेनशॉने त्याचा तारा काढून घेतला. पण त्या सकाळची चर्चा वरच्यांनाही नको होती. चौकशी झाली नाही, राजीनामा घेऊन त्याला गुपचूप घरी पाठवलं. क्विलबीने बँड लावून त्याचं स्वागत केलं. आयाबायांनी त्याचे हात धरले. त्याची बायको हल्डा म्हणाली, "अहो, हसा तरी जरा." त्याला हसू येईना. कारण शेजारचा जिल्हा जवळच होता, आणि तिथली माणसंही दळायला त्याच्याच गिरणीवर यायची.

गाडीची चाकं वाजली की त्याच्या छातीत धस्स व्हायचं. शरद ऋतूत ती आलीच. मर्सी टटल, काळ्या कपड्यातली विधवा, मक्याची पोती घेऊन.

"माझा पोरगा तुमच्या उजव्या बाजूला होता, जनरल."

"हो बाई."

"तुमची माणसं झोपून राहिली म्हणतात."

"मीच सांगितलं होतं त्यांना."

"उठला असतात, तर वाचला असता तो?"

खोटं बोलायला अमासाची जीभ वळवळली. "माहीत नाही," तो म्हणाला. "वाचलाही असता."

तिने त्याच्या थरथरत्या हाताकडे बराच वेळ पाहिलं. तो शिव्यांची, थुंकण्याची, कशाचीही वाट पाहत उभा होता. त्यातलं काही आलं असतं तर बरं, असं त्याला वाटलं.

"जरा जाडसर दळा," ती म्हणाली. "मागच्या खेपेला फार बारीक झालं होतं."

त्याने दळलं, पोती तिच्या गाडीत चढवली. ती निघून गेली. पुढच्या महिन्यात पुन्हा आली, त्याच्या पुढच्या महिन्यातही. त्या दिवसाबद्दल तिने परत एक शब्द काढला नाही, आणि तिची गाडी वळणावर दिसली की अमासा थ्रॉलचे हातपाय दर वेळी तसेच गार पडत राहिले.