सावकाश होऊ द्या

रविवारी सकाळी मिसळ खाऊन दत्तोबा माळकर उठला, तेव्हा त्याच्या मागे जागेसाठी थांबलेला माणूस त्या खुर्चीत क्षणभर टेकला, लगेच उठला आणि दत्तोबाच्या मागोमाग चालू लागला.

आता खुर्चीमागे उभं राहणं ही काय कोल्हापुरात नवलाई नाही. नावाजलेल्या दुकानात दर खुर्चीमागे एक जण असतोच, आणि खाणाऱ्यानं मान न वळवता रस्सा ओरपत राहायचं असतं. पण दुकानाबाहेरही मागे उभा राहणारा माणूस कुणी बघितलाय? बरं, भांडावं तर माणूस सभ्य. करडी सफारी, नीट भांग, काखेत कापडी पिशवी. दत्तोबानं वळून पाहिलं की तो एवढंच म्हणायचा, "सावकाश होऊ द्या. मला घाई नाही."

दत्तोबाचं शिलाईचं दुकान राजारामपुरीत. तो मशीनवर बसला आणि माणूस मागे उभा राहिला. दुपारी बायको कमल डबा घेऊन आली.

"हे कोण?" तिनं विचारलं.

"कोण न्हाई. जागेसाठी थांबलेत," दत्तोबा म्हणाला.

कमलनं मान डोलावली आणि ती गेली. चहा सांगायला म्हणून दत्तोबा चार पावलं बाहेर आला, तेवढ्यात माणूस मशीनवर टेकला. गिऱ्हाईक आलं, मापाचा शर्ट त्या माणसाच्याच पुढ्यात धरून म्हणालं, "माळकर, बाही जरा ढिली ठेवा." बावीस वर्षांचं गिऱ्हाईक! दत्तोबा दारात चहाचा ग्लास धरून उभा, आणि त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघेना.

तिथं तरी ओळखतील म्हणून तो धावत मिसळीच्या दुकानात गेला. तिथला वाढपी न सांगता त्याच्या ताटात जादा पाव टाकायचा. आज त्यानं तो पाव मागोमाग आलेल्या माणसाला आदबीनं विचारला. गल्ल्यावरचे मालक दत्तोबाला म्हणाले, "पाव्हणं, गावात नवीन दिसताय. ताटात हाय तवर जागा माणसाची. उठला की गेली."

दत्तोबा बाहेर पडला. उरलं होतं फक्त घर. स्वयंपाकघरात कमलसमोर त्याचा पाट होता. बुधवारी सून कराडहून, माहेराहून, बाळाला घेऊन येणार होती. पहिला नातू, तीन महिन्यांचा. बारशाच्या वेळी दत्तोबा तापानं फणफणला होता, म्हणून त्यानं अजून बाळाचं तोंड पाहिलं नव्हतं. उरल्यासुरल्या मऊ कापडातून त्यानं आठ झबली तेवढी शिवून ठेवली होती. घरी गेलं तर हाही येणार, आणि माणूस कधी ना कधी पाटावरून उठतोच. त्यापेक्षा घरीच न गेलेलं बरं, असं त्यानं ठरवलं.

मग तो खात सुटला. ताट पुढ्यात आहे तोवर हा बाबा इथंच अडकून राहील, हा त्याचा हिशोब. खानावळीत तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, परत तांबडा. रंकाळ्यावर भेळ, एकेक कुरमुरा मोजत. मग कॉकटेल आईस्क्रीम, ते मेलं वितळून संपतं, म्हणून लगेच वडा. झोप आली तर कुणाच्या तरी पायरीवर शेंगांची पुडी मुठीत धरून पेंगायचं. कोल्हापुरात खाण्याला तोटा नाही, पण पोट एकच. सोमवारी तो ज्या दुकानात शिरायचा तिथं वीस खुर्च्या असायच्या. मंगळवारी प्रत्येक दुकानात एकच असायची.

बुधवारी सकाळी खुर्चीच नको म्हणून तो सोड्याच्या गाडीवर गेला आणि उभ्यानं प्यायला. ग्लास ठेवून बाजूला झाला, तसा माणूस त्याच्या पावलांच्या जागी पावलं ठेवून उभा राहिला. गाडीवाल्यानं माणसालाच विचारलं, "दत्तोबा, नातू आला न्हवं?" ते ऐकून दत्तोबाला रडूच आलं. एवढा बाप्या माणूस, पण भर रस्त्यात रडला.

संध्याकाळी कमलचा फोन आला. तीन दिवस कुठं आहात, घरात काय मी विष कालवते, बाळ आलंय, डोळे अगदी तुमच्यासारखे आहेत, असं ती एका दमात बोलली. दत्तोबा म्हणाला, गंगावेशीत आहे, एवढं दूध प्यायलो की येतो. खोटं बोलला.

तेव्हा तो गंगावेशीत दूधकट्ट्यावर बसला होता. म्हशी पुढ्यात, ग्लासात धारोष्ण दूध, वर बोटभर फेस. लांबच लांब कट्टा, पण मोकळी जागा एकच, आणि तीत तो. एकेक थेंब जिभेवर घेत त्यानं तासभर काढला. पोट असं तटतटलं होतं की श्वास घ्यायला जागा नव्हती. माणूस मागे उभा होता.

"सावकाश होऊ द्या," तो म्हणाला.

"मला नातवाला एकदा मांडीवर घेऊ दे," दत्तोबा त्याला म्हणाला. "मग माझं सगळं घे. तुझ्या पाया पडतो."

"मला घाई नाही," माणूस म्हणाला.

ग्लासात एक घोट उरला असेल, तेवढ्यात गर्दीतून कमल आली. कडेवर बाळ, अंगावर पिवळं झबलं, दत्तोबानं शिवलेलं. बाळानं त्याच्याकडे बघितलं आणि ते हसलं.

दत्तोबा दोन्ही हात पुढे करून उठला.

ग्लास कट्ट्यावर राहिला. माणूस शेजारून आला, टेकला आणि त्यानं पिशवी बाजूला ठेवून मांडी केली. कमलचे हात बाळाला घेऊन पुढे आलेलेच होते. ते तसेच खाली गेले आणि बाळ त्या मांडीवर विसावलं. माणसानं उरलेला घोट पिऊन टाकला. कमलनं पदरानं त्याच्या मिशीवरचा फेस पुसला.

"तीन दिवस कुठं होता हो?" ती त्याला म्हणाली. मग तिनं वर पाहिलं. "आणि हे कोण?"

"कोण न्हाई," माणूस म्हणाला. "जागेसाठी थांबलेत."

कमलनं मान डोलावली. कट्ट्यामागे एक जण उभा राहील एवढीच जागा होती. दत्तोबा तिथं जाऊन उभा राहिला. माणसाच्या खांद्यावरून त्याला बाळाचं तोंड दिसत होतं, पण निम्मंच. बाकीचं दिसावं म्हणून तो टाचा उचलून उभा राहिला.